नाव घ्यायची, पण केवढी?



गटानं धरणात मासेमारीसाठी नाव घ्यायची म्हटली, की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. आम्ही म्हणतो, आधी ओझ्याचा हिशोब मांडा.

वहीत लिहा : दोघींचं वजन १२० किलो, ओली जाळी ३० किलो, चांगल्या दिवसाची मासळी ५० किलो. झाले २०० किलो. ओझं वाढलं की नाव खाली बसते आणि वाऱ्याची लाट आत येते. म्हणून ३०० किलो पेलणारी नाव बघा. १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जीव गेले. मासळी जास्त लागली तर दुसरी फेरी करा.

मग मोठीच घ्यावी का? तसंही नाही. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा असो की महानचं काटेपूर्णा, उन्हाळ्यात पाणी मागं सरतं. नाव चिखलातून ओढत न्यावी लागते. चौघींना हलत नाही, ती नाव काठावरच पडून राहते.

लांबी सारखी असेल तर रुंद नाव निवडा. जाळं एका बाजूनं ओढताना ती कमी कलते.

पूर्ण पैसे देण्याआधी उथळ पाण्यात २०० किलो रेतीची पोती ठेवून बघा. काठ पाण्याच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे. लाइफ जॅकेटचा खर्च नावेच्या किमतीतच धरा. अनुदानासाठी मत्स्यव्यवसाय कार्यालयात खरेदीआधी विचारा.

हिशोब सगळ्यांसमोर वाचा, मगच ठराव करा.