परसबागेतील वेलाला फळ का धरत नाही?

मांडवावर लाल भोपळ्याचा वेल उत्तम पसरतो, पिवळ्या फुलांनी बहरतो. परंतु इवलेसे फळ दिसू लागताच पिवळे पडून गळते. परसबाग करणाऱ्या अनेक कुटुंबांचा हा अनुभव आहे. अशा वेळी खत वाढविले जाते, औषध फवारले जाते. वस्तुतः उणीव बहुधा परागीभवनाची असते.

भोपळा, काकडी, कारले यांच्या एकाच वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाखाली फळाचा लहानसा आकार असतो. नर फुलाचा देठ साधा असतो. प्रारंभी बहुधा नर फुलेच येतात व गळून जातात. त्यात काळजीचे कारण नाही. मात्र मादी फुले येऊ लागल्यावर नर फुलातील पराग त्यांच्यापर्यंत पोहोचणे अत्यावश्यक असते. तो अपुरा पडल्यास काकडी वाकडी किंवा एका टोकाला बारीक राहते. भोपळ्याचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने वाहून जात नाही. शिवाय त्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. एवढ्या अल्पावधीत हे कार्य प्रामुख्याने मधमाश्याच पार पाडतात.

तात्पुरता उपाय सोपा आहे. सकाळी ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. दुधी व दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात. त्यांच्या बाबतीत हे काम तेव्हाच करावे.

तथापि, मधमाश्यांना बागेत आणणे हाच कायमचा उपाय होय. त्यासाठी झेंडू, तुळस, सूर्यफूल लावावे. थोडी कोथिंबीर फुलोऱ्यावर येऊ द्यावी. उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशके टाळावीत. घराजवळचे मोहोळ जाळून नष्ट करू नये. धोका वाटल्यास जाणकाराकडून ते हलवावे.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथे सातेरी मधमाश्या पेट्यांत पाळल्या जातात. प्रत्येक घरी पेटी ठेवणे शक्य नाही. परंतु मधमाशीला चार फुले आणि निर्धोक जागा देणे कोणालाही शक्य आहे. त्याची परतफेड ती मांडवावरच्या फळांनी करील.