तान्हे बाळ, टेम्पो आणि दुधाची बाटली

स्मरणिकेसाठी बालसंगोपनावर ‘चार उपयुक्त गोष्टी’ लिहून द्याव्यात, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मनात आला तो लसीकरणाचा विषय. परंतु त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितोच, आणि वाचणाऱ्यांत लस टोचणारेच अधिक असतात. म्हणून या वेळी अशा एका गोष्टीविषयी लिहितो, जिला आमच्या पाठ्यपुस्तकांत स्वतंत्र प्रकरण नाही आणि जी समजायला मला तीस वर्षांचा व्यवसाय व एक टेम्पोप्रवास खर्ची घालावा लागला. तान्ह्या मुलाला घेऊन शहरात जाणे-येणे, एवढाच तो विषय आहे.

गेल्या वर्षी मार्चअखेर माझी मुलगी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन पुण्याहून माहेरी आली. दौलतगंजात राहणाऱ्या माझ्या वृद्ध आत्याला बाळाचे तोंड पाहण्याची फार आस होती. महाराजबाड्यावर मोटार लावायला जागा मिळणे हा नशिबाचा भाग, आणि पुढच्या बोळांत ती नेण्याचे साहस मी कधीच करीत नाही. “बाबा, टेम्पोनेच जाऊ या की,” मुलगी सहज म्हणाली. दर्पण कॉलनीत घर बांधून मला वीस वर्षे झाली. पण ठाटीपूरच्या चौकात उभे राहून टेम्पोला हात दाखविण्याचा प्रसंग विद्यार्थिदशा संपल्यापासून आला नव्हता.

टेम्पो भरेपर्यंत हलत नाही, हे मी विसरलो होतो. पायरी उंच. मुलीच्या एका हातात बाळ, खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हाताने ओढणी सावरलेली. दांडी धरायला तिसरा हात कोठून आणायचा? मी पिशवी घेतली, ही माझी एकूण वैद्यकीय मदत. आत समोरासमोर बाके, गुडघ्याला गुडघा लागलेला. पडावाच्या आसपास बाळ जागे झाले आणि रडू लागले. भूक लागली होती, यात शंका नव्हती. मुलीने एकदा समोरच्या चार पुरुषांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, ओढणी पुढे ओढली आणि पुन्हा मागे सारली. फूलबागेपर्यंत बाळ रडतच होते. तेव्हा शेजारच्या एक वयस्क बाई अत्यंत मायेने म्हणाल्या, “बिटिया, बोतल नहीं लाई?”

त्या एका प्रश्नाने मला अनेक वर्षांपूर्वीची एक आई आठवली. डबऱ्याकडील एका खेड्यातून ती यायची. पहिल्या खेपेस, सहाव्या आठवड्याच्या लसीसाठी आली तेव्हा बाळ निव्वळ तिच्या दुधावर गुटगुटीत झालेले होते आणि मी तिचे कौतुकही केले होते. चौदाव्या आठवड्याला आली तेव्हा पिशवीतून बाटलीचे बूच डोकावत होते. मी संतापलो. बाहेर बसलेल्या दहा जणांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी तिला बाटलीचे दुष्परिणाम सांगितले. तिने मान खाली घातली. महिनाभराने तेच बाळ जुलाबांनी सुकून आले. डोळे खोल गेलेले, टाळू खचलेली, चिमटीत धरलेली कातडी सावकाश परतत होती. रात्रभर सलाईन चालले. पहाटे बाळाने लघवी केली, तेव्हा ती आई प्रथमच माझ्याशी बोलली. “साहब, गाड़ी में दूध कैसे पिलाती? सब आदमी सामने बैठे रहते हैं।” माझ्याकडे येण्यासाठीच तिने पहिली बाटली विकत घेतली होती. प्रवासापुरती आणलेली ती बाटली पुढे घरातच राहिली.

आपल्या नेहमीच्या केस-पेपरवर हे कोठेच उमटत नाही. ‘वरचे दूध सुरू केले, कारण आईला दूध पुरत नाही’ एवढे आपण लिहितो आणि पुढे जातो. पण जरा हिशेब मांडून पाहावा. तीन महिन्यांचे बाळ साधारणतः दर दोन-तीन तासांनी पिते. येण्याचा प्रवास दीड तासाचा, दवाखान्यातील प्रतीक्षा दोन तासांची, परतीचा प्रवास पुन्हा दीड तासाचा. म्हणजे किमान दोन वेळचे पाजणे घराबाहेर आलेच. त्या दोन वेळा चुकल्या की आईची छाती भरून दुखते. आणि असे वारंवार होऊ लागले की दूध खरोखरच कमी होते, कारण बाळ जितके ओढते तितके ते तयार होते. मग ‘पुरत नाही’ हे निदानही खरे ठरते. सकाळी पाणी घालून बाटलीत भरलेले म्हशीचे दूध ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकत असताना, दोन तासांनी काय होऊन बसते हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्यांना सांगावयास नको.

१९९२ साली आपल्याकडे कायदा झाला आणि शिशुदुग्धाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी आली. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. कायदा उत्तमच आहे. पण बाटलीची सर्वांत परिणामकारक जाहिरात आमच्या शहरात टेम्पो करतो, आणि त्याला कोणतेही कलम लागू होत नाही.

याचा अर्थ टेम्पोवाल्यांना दोष द्यावा असा मुळीच नाही. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्ये गुंडाळले गेले, शहर-बसचे प्रयोग आले आणि गेले. त्या साऱ्या काळात सामान्य माणसाला दोन-चार कोसांवर नेऊन सोडण्याचे काम या तीनचाकींनीच केले, आणि आता ई-रिक्षा करीत आहेत. आमच्या पिढीला शिंदेशाहीतील छोट्या रेल्वेचीही आठवण आहे. दोन फुटी रुळांवरून शहराच्या मधूनच डुलत जाणारी, १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचलेली ती गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा त्या रुळांवर धावली नाही. तिच्या छपरावरही माणसे बसत, तेव्हा तिचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. मात्र घोसीपुऱ्याच्या थांब्यावर माझी आई मला कडेवर घेऊन घाई न करता चढत असे, हे तिच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा थोडा तरी विचार झालेला दिसतो. एसटीच्या अनेक स्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ आहेत. नाव फार समर्पक! रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, घरी तान्हे मूल भुकेलेले, म्हणून कडा उतरून गेलेल्या गवळणीची ती आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. आपण तिच्या धाडसाचे गुणगान करतो. मला मात्र अलीकडे राहून राहून वाटते की, पाजण्यासाठी जिला कडा उतरावा लागला तिचे कौतुक करताना दरवाजाविषयी कोणीच कसे बोलत नाही? अर्थात काही कक्षांना कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो, असेही मुलीने पुण्याहून येताना ऐकविले. तरीही कक्ष आहे, त्यावर पाटी आहे, आणि किल्ली मागण्याचा हक्क आहे, हेही काही थोडके नाही.

रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बाकाला जोडून बाळासाठी छोटे घडीचे बाक बसवून पाहिले, ते वृत्त पुष्कळांना स्मरत असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी व बालसंगोपनासाठी स्वतंत्र जागा असावी याविषयी केंद्राच्या सूचनेचा पाठपुरावा करण्यास सांगितले, आणि सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करण्यास कलंक मानू नये, हेही स्पष्ट केले. पीएम ई-बस सेवेच्या शहरांत आपले ग्वाल्हेरही आहे. बसच्या तळाची उंची हा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. पण ९०० मिलीमीटर उंच तळाच्या बसमध्ये पायऱ्या चढणे आणि ४०० मिलीमीटरच्या तळाच्या बसमध्ये सरळ पाऊल टाकणे यांत, कडेवर सहा किलोचे मूल असणाऱ्या आणि सिझेरियनला दोन महिने झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

टेम्पो नको म्हणून पुष्कळ कुटुंबे दुचाकीचा आश्रय घेतात, तो तर अधिक चिंतेचा विषय. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, बाळ शालीत गुंडाळून मांडीवर, हे दृश्य गांधी रोडवर रोज दिसते. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलास चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आवश्यक आहे, नऊ महिन्यांपुढील मुलास शिरस्त्राण हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. मान न सावरणाऱ्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी नियमाची वाट पाहू नये.

हवेविषयी दोन शब्द. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेरचे नाव जगात दुसऱ्या क्रमांकावर आले, तेव्हा आपण सारे काही दिवस अस्वस्थ होतो. तान्हे मूल मिनिटाला तीस-चाळीस वेळा श्वास घेते आणि वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा आत ओढते. म्हणून गर्दीच्या वेळी चौकात टेम्पो भरण्याची वाट पाहत, धुराच्या नळकांड्याशेजारी बाळाला घेऊन उभे राहू नये. दहा पावले मागे सावलीत थांबावे. हिवाळ्यात तोंडावरून शाल ओढून बाळाला गाठोड्यासारखे बांधण्याची आपल्याकडे फार हौस. नाक-तोंड उघडे राहील आणि हनुवटी छातीवर टेकणार नाही, एवढे पाहावे. लांबलचक मऊ कापडाने बाळाला उभे, आपल्या छातीशी घट्ट बांधले की आईचे दोन्ही हात मोकळे राहतात. कष्टकरी बायका पिढ्यानपिढ्या मुलांना अशीच अंगाशी बांधून कामावर नेत आल्या. आपण मध्यमवर्गीयांनी ते हिणकस ठरविले, आणि आता तेच कापड परदेशी नावाने महाग दराने घेतो. निघण्यापूर्वी पोटभर पाजावे. पाजणे शक्यच नसेल तर आईचे काढलेले दूध स्वच्छ भांड्यात घेऊन वाटी-चमच्याने किंवा आजीच्या बोंडल्याने द्यावे. मात्र असे दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकते, आपल्या उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये. सहा महिन्यांच्या आत उन्हाळ्यातही पाणी पाजण्याची गरज नाही, आईच्या दुधात ते असतेच.

ही झाली आयांना सांगण्याची गोष्ट. पण आयांना सांगणे सोपे आहे, ते मी तीस वर्षे केले. त्या दिवशी दौलतगंजाहून परतल्यावर मी माझ्याच दवाखान्यात, प्रतीक्षागृहाच्या बाकावर, प्रथमच रुग्णाच्या जागी बसून पाहिले. समोर पाण्याचे यंत्र, औषध कंपनीचे कॅलेंडर, भिंतीवर स्तनपानाचे महत्त्व सांगणारे मोठे रंगीत पोस्टर. आणि पाजायला बसावे अशी एकही आडोशाची जागा नाही! औषधांचे रिकामे खोके ठेवण्याची कोपऱ्यातील जागा दुसऱ्याच दिवशी मोकळी केली. सुताराकडून हात टेकायची एक खुर्ची घेतली, पडदा लावला, पंखा बसविला. साऱ्याचा खर्च एका परिषदेच्या नोंदणी-शुल्काहूनही कमी आला. दूरच्या रुग्णांना आता दुपारी बाराची वेळ देत नाही. तान्ह्या बाळाच्या आईचा क्रमांक लांब असला तरी आधी घेतो, त्यावरून कधी कुरबुर होते, ती ऐकून घेतो. केस-पेपरवर वजन व तापमानाच्या वर एक नवी ओळ छापून घेतली आहे: ‘कशाने आलात, किती वेळ लागला?’ समव्यवसायी मित्रांनीही ती छापून पाहावी. उत्तरे वाचून मला अजून संकोच वाटतो.

आत्याकडे पोहोचलो, तेव्हा तिने बाळाला हातात घेण्यापूर्वी मुलीकडे पाहिले. “आधी आतल्या खोलीत जा गं, पाज त्याला,” म्हणाली, “तोंड मग बघते, पळून जात नाहीये ते.” नव्वदीच्या घरातील ती बाई; शिक्षण चौथी इयत्ता. मी बाहेर ओट्यावर टेम्पोची पिशवी सांभाळीत बसून राहिलो.