पंगत लांबवणारे खेळ

आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं सांगून झाल्यावर त्याने शेवटचा विभाग खेळांना दिला आणि त्यात बुद्धिबळाच्या जोडीला प्रहेलिका, म्हणजे कोडी घालण्याचा खेळही बसवला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्याच ग्रंथातली. शब्दांची ही हौस राजवाड्यात होती तशी उखळापाशीही होती.

पुढे हाच मुलूख निजामाच्या राज्यात आला, शाळा-कचेऱ्यांत उर्दू आली आणि शिकल्यासवरल्यांच्या बैठकीत बैतबाजी रंगू लागली. एकाचा शेर ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने दुसऱ्याने पुढचा शेर म्हणायचा. मराठी घरातल्या भेंड्यांचा नियम तोच. फक्त शेराच्या जागी कविता, अभंग, पुढे सिनेमाची गाणी.

खरी धमाल मात्र लग्नघरी. मराठी घरात उखाणा, कन्नड घरात ओडपू. दोन्हीकडे नवऱ्याचं नाव यमकात गुंफायचं आणि सांगणारीला अडवून धरायचं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांच्या पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरिकी काही फुटल्या नाहीत. लातूर रोडकडे जाणारी रेल्वे भालकी, कमलनगर, उदगीर अशीच धावत राहिली आणि उखाण्यांतही शिरली. धाटणी साधारण अशी:

‘भालकीची गाडी उदगीरला थांबली,
अमुकरावांचं नाव घेता पंगतच लांबली.’

घरात दोन्ही भाषा असल्या की उखाणाही दोन्हींत बोलतो:

‘सासूबाई विचारतात, “ऊट आयता, सूनबाई?”
अमुकराव म्हणतात, “थांबा, माझंच झालं नाही!”’

वरची ओळ निम्मी कन्नड (‘ऊट आयता’ म्हणजे जेवण झालं का), खालची मराठी, आणि हशा दोन्हीकडच्या वऱ्हाडाचा. यमक जरा सैल जुळलं तरी चालतं; सासूला चिमटा बसला पाहिजे.

१९९३मध्ये झी टीव्हीवर ‘अंताक्षरी’ सुरू झाली आणि भेंड्यांवर हिंदी गाण्यांचा पगडा आणखी वाढला. पोरांनी सुट्टीतला खेळ धरला तो नाव-गाव-फळ-फुलाचा. त्यात इकडचा घोळ ठरलेला. ‘आ’ आला की एक लिहितो कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, दुसरा पुण्याजवळची आळंदी. लिहिणारे दोघंच, पण गावं वेगळी म्हणून दहा-दहा गुण द्यायचे, की नक्कल म्हणून पाच-पाच, यावर डावापेक्षा भांडण मोठं. फळाच्या रकान्यात कन्नड नाव चालेल का, हा पुढचा वाद.

आता कर्नाटकाच्या बाजूला बऱ्याच मुलांच्या शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या, आणि उखाणे मोबाइलवर पुण्या-मुंबईचे तयार मिळतात. ते बिनचूक असतात; पण त्यांत ना भालकीची गाडी असते, ना सासूबाईंची कन्नड. नऊशे वर्षांत या मुलखाने संस्कृत, मराठी, उर्दू, कन्नड सगळ्यांशी खेळून घेतलं आणि कुणालाच डावाबाहेर काढलं नाही. म्हणून येत्या लग्नसराईत आत्या-मावशीला आग्रह करा आणि तिचा उखाणा आहे तसा, निम्म्या कन्नडसकट, वहीत उतरवून घ्या.