काळ्या मातीतला पाया

आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पायाची भिंत तिच्यासोबत वर-खाली होऊन तडकते. यावर रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने कंदाच्या पाइलची पद्धत विकसित केली.

गिरमिटाने किमान ३.५ मीटर खोल भोक पाडतात. तळाजवळ खास अवजाराने ते साधारण २.५ पट रुंद करतात. मग सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. कंद खालच्या स्थिर मातीत घट्ट बसतो, त्यामुळे माती फुगली तरी खांब उचलला जात नाही. भिंतीखालची तुळई जमिनीपासून थोडी वर ठेवतात.

हे काम नंतर दिसत नाही. म्हणून घर बांधणाऱ्या पालकांना आम्ही सुचवतो : काँक्रीट ओतण्यापूर्वी भोकाची खोली मोजा, तळाची सैल माती काढून घ्या.