शिलाई मशीन मिळतं, समुपदेशकाचा पगार मिळत नाही

स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था पैशांअभावी अडचणीत आहेत, असं म्हटलं की ऐकणाऱ्यांची उत्तरं ठरलेली असतात. कंपन्या देतात की. सरकार देतं की. परदेशातून तर येतोच. यातलं एकही उत्तर साफ खोटं नाही, म्हणून ती खोडून काढणं अवघड जातं.

‘कंपन्यांना दोन टक्के द्यावेच लागतात’

हो, लागतात. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. २०२२-२३ या वर्षात देशभरात ही रक्कम ३० हजार कोटींच्या आसपास होती आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. स्त्री-पुरुष समानता आणि महिलांसाठी निवास हे विषयही कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत. मात्र परिशिष्टातला कोणता विषय घ्यायचा, हे कंपनी ठरवते. शिक्षण आणि आरोग्य वर्षानुवर्षं पहिल्या ओळीत बसलेले आहेत. शिवाय कंपनीने आपल्या कारखाना-कार्यालयाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. पुण्या-रायगडात असलेली ही सोय हिंगोली-नंदुरबारच्या संस्थेला कुठून मिळणार?

महिलांच्या वाट्याला जे येतं, त्यातही वस्तूंना मागणी जास्त. शिलाई मशीन देता येतं, त्यावर कंपनीचं नाव रंगवता येतं, वाटपाचा फोटो वार्षिक अहवालात छापता येतो. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचा फोटो काढता येत नाही. निवारागृहाचा तर पत्ताही गुप्त ठेवावा लागतो. आणि अशा कामाचं यश मोजायचं कशात? एक बाई तक्रार नोंदवते, दुसरी चार अटी घालून घरी परतते, तिसरी वर्षभर नुसती येऊन बसते आणि मग एके दिवशी ठरवते. अहवालाच्या रकान्यात ‘लाभार्थी संख्या’ एवढंच विचारलेलं असतं.

‘देणगी पगारावर उधळू नये’

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान या समजाने केलं आहे, म्हणून इथे जरा थांबू. समजा, तालुक्याच्या गावी एक समुपदेशन केंद्र आहे. दोन समुपदेशकांना प्रत्येकी २५ हजार, भाडं १५ हजार, अर्धवेळ हिशेबनीसाला १० हजार, पोलिस ठाणं-कोर्ट-रुग्णालयाच्या फेऱ्या आणि फोन यांना १० हजार. महिन्याला ८५ हजार, वर्षाला १० लाख २० हजार. यात वाटायची वस्तू एकही नाही. ते काम म्हणजेच ती दोन माणसं. रात्री अकराला फोन आला तर तो उचलणारी, बाईबरोबर ठाण्यात जाऊन बसणारी. त्यांच्या पगाराला ‘वरखर्च’ म्हटलं की केंद्रात खुर्च्या उरतात.

ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या ३८८ स्वयंसेवी संस्थांची पाहणी केली, तेव्हा भाडं, हिशेब, व्यवस्थापन असे खर्च भरून काढताना ओढाताण होते, असं ८३ टक्के संस्थांनी सांगितलं. कंपन्यांचे अधिकारी पाच टक्क्यांच्या नियमाकडे बोट दाखवतात. तो नियम आहे, पण कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर किती खर्च करावा, यासाठी. प्रकल्पात राबणाऱ्या समुपदेशकाच्या पगारावर त्याने मर्यादा घातलेली नाही. दुसरीकडे, कंपनीच्या या निधीतून संस्थेच्या कॉर्पसमध्ये भर घालणं जानेवारी २०२१पासून ग्राह्य धरलं जात नाही. म्हणजे वाईट वर्षासाठी गंगाजळी साठवायची तर ती दुसऱ्याच कुठल्या पैशांतून.

‘पूर्वीची माणसं निःस्वार्थ होती, पैशाविना संस्था चालवायची’ असंही मोठ्या आदराने म्हटलं जातं. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, त्याआधी अमेरिकेत त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली होती आणि तिच्या सभासदांनी दरसाल किमान एक डॉलर असं दहा वर्षांचं वचन दिलं होतं. दहा वर्षांचं! आज दर मार्चमध्ये नव्या कराराची वाट पाहणाऱ्या संस्थाचालक बाईंना हे वाचून हेवा वाटेल. महर्षी कर्वे हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेचं काम उभं करत होते तेव्हा फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक होते, म्हणजे घर पगारावर चाललेलं होतं; तरीही संस्थेसाठी त्यांना गावोगाव फिरून निधी जमवावा लागला. हिंगण्याचा भाऊबीज निधी हाही त्याच परंपरेतला: लहान रकमा, पुष्कळ दाते.

‘परदेशातून बक्कळ येतं’

शारदा सदनालाही परदेशी पैशावरून बोल लावले गेले होते, तेव्हा हा संशय जुना आहे. परिस्थिती मात्र उलटी झाली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मघाच्या केंद्राचं भाडं आणि हिशेबनीसच खर्चाच्या २९ टक्क्यांवर जातात, आणि या दोन्ही गोष्टी नियमांच्या लेखी प्रशासकीय खर्चात बसतात. सर्वांत मोठा फटका वेगळाच होता: परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. खेड्यातल्या महिला मंडळाला परदेशी दात्याशी इंग्रजीत पत्रव्यवहार करणं जमत नव्हतं, त्याचा पैसा शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फतच येत असे. ती वाट बुजली. आजवर २० हजारांहून अधिक संस्थांची परदेशी निधीची नोंदणी रद्द झाली आहे.

देणारेही हात आखडते घेत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०२५मध्ये ४४ संकटग्रस्त ठिकाणच्या ४११ महिला संस्थांना विचारलं, तेव्हा निधी असाच राहिला तर सहा महिन्यांत बंद पडू, असं जवळपास निम्म्या संस्थांनी सांगितलं.

‘आता तर लाडकी बहीण आहे’

राज्य सरकारच्या या योजनेतून दरमहा १,५०० रुपये बाईच्या खात्यात जमा होतात, आणि ते तिच्या हाती यावेत हेच योग्य. पण त्यातून समुपदेशकाचा पगार निघत नाही, की रात्रीचा निवारा उभा राहत नाही. बचत गटांना मिळणाऱ्या बँकेच्या पैशाबद्दलही हाच घोटाळा होतो. ते कर्ज असतं, बायकांच्या नावावर असतं आणि बायका ते फेडतात. संस्थेच्या तिजोरीशी त्याचा संबंध नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यातल्या कलम १०नुसार स्वयंसेवी संस्था ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करू शकते. या नोंदणीने जबाबदारी येते. मानधनाची हमी कलमात नाही. सरकार चांगलं काम उचलून धरतही असतं, फक्त सवडीने. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४मध्ये महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो आपलासा केला २००५मध्ये. मधली २१ वर्षं पगार कुणाला तरी इकडून तिकडून जमवावे लागले.

‘करसवलतीमुळे लोक देतातच’

देणगीवरची ८०-जीची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि २०२३-२४पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. ती निवडलेल्या पगारदाराला १० हजारांची पावती दिली तरी करात एक रुपयाचाही फायदा नाही. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांपेक्षा मोठी रोख देणगी चालत नाही, ती चेकने किंवा ऑनलाइनच द्यावी लागते.

देणगी देताना ‘अमुक वस्तूसाठी’ असं लिहायची सक्ती मात्र कुठल्याच कायद्यात नाही. पावतीवर ‘सर्वसाधारण निधी’ लिहून घेता येतं, आणि दरमहा ५०० रुपये बँकेतून आपोआप वळते करता येतात. असे पन्नास दाते मिळाले की एका समुपदेशकाचा पगार होतो.