बिडी-खर्रा आणायला पोराला पाठवू नका. सवय तिथूनच लागते

"जा रे, दोन खर्रे अन् बिडीचं बंडल घेऊन ये. उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे." विदर्भातल्या गावोगावी संध्याकाळी हे ऐकू येते. बापाला त्यात काही वावगे वाटत नाही. पण पोरगं पानठेल्यावर पहिल्यांदा जातं ते असंच, घरच्यांच्या सांगण्यावरून. ठेलेवाला त्याला ओळखू लागतो. पुढे तो स्वतःसाठी घ्यायला गेला तरी कोणी हटकत नाही.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले. बिडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्के आणि तंबाखू खाल्लेल्यांपैकी ५२ टक्के मुलांनी वयाच्या दहा वर्षांआधीच सुरुवात केली होती. म्हणजे पोरगं कॉलेजात जाऊन बिघडलं, हे दरवेळी खरं नसतं.

कायदा काय सांगतो?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आतही विक्रीला बंदी आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'बाबांसाठी पाहिजे' ही सबब इथे चालत नाही. शाळेजवळ ठेला असेल तर पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत विषय मांडावा.

घरी काय करावे?

स्वतःला सवय असेल तर मुलांसमोर ओढू नका, खर्रा घोटू नका. "मला लागली, आता सुटता सुटत नाही, तू नादी लागू नको," असं सरळ सांगा. पोराला ते पटतं.

कॅन्सरची भीती पोरांना दूरची वाटते. "आजा तर म्हातारा होईस्तोवर बिडी ओढत होता," असं उत्तर मिळतं. त्यापेक्षा पोलीस भरतीतली १६०० मीटरची धाव आठवून द्या. बिडी-सिगारेटने दम कमी पडतो. रोजच्या एका खर्र्याचे वर्षाचे पैसे किती होतात, हा हिशेब त्यालाच करायला लावा.

लक्ष कुठे ठेवावे?

खिशात खर्र्याची पन्नी, कपड्यांना धुराचा वास, दातांवर डाग दिसले तर विचारपूस करा. भाजी जरा तिखट झाली की तोंडाची आग होते, तोंड पूर्ण उघडत नाही, ही खर्र्यातल्या सुपारीने होणाऱ्या आजाराची लक्षणे आहेत. मुलाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर दंतवैद्याला लवकर दाखवा.

सापडला म्हणून बदडू नका. मारल्याने सवय सुटत नाही, पोरगं फक्त लपवायला शिकतं. कोणी दिली, कधीपासून, हे शांतपणे विचारा. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. तेव्हा घरच्यांनीच सांभाळून घ्यावे. १८००-११२-३५६ या टोल फ्री क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो.

अन् पुढच्या वेळी खर्रा पाहिजेच असेल, तर ठेल्यापर्यंत स्वतः चालत जा.