पिवळी पडणारी कॉलनी

दोन्ही प्लेट समोर ठेवल्या तर फरक कळत नाही. दोन्हींवर सूडोमोनास पुटिडा या मातीतल्या जिवाणूच्या मळकट-पांढऱ्या कॉलन्या. पण एका वाणात टीओएल प्लास्मिड आहे. गुणसूत्राबाहेरचं, सुमारे १ लाख १७ हजार बेस-जोड्यांचं हे डीएनएचं कडं. टोल्युइन आणि झायलीन पचवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं त्यावर असतात. ते दुसऱ्या वाणात पोचवायचं आणि पोचल्याचं सिद्ध करायचं, हे काम. खरा कस दुसऱ्या भागात लागतो.

दोन्ही वाण एकत्र करून बारीक छिद्रांच्या फिल्टरवर ओततात. पाणी गळून जातं, जिवाणू वर एकमेकांना चिकटून राहतात. फिल्टर पोषक आगरवर ठेवून रात्रभर ३० अंशांना सोडायचा. देणाऱ्याकडून प्लास्मिडचा एकच धागा पलीकडे जातो. जोडीचा धागा दोघंही आपापल्या घरी विणून घेतात, त्यामुळे देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही.

सकाळी तो थर धुवून, पातळ करून निवडीच्या प्लेटवर पसरवतात. तिथे क्षार, खायला फक्त मेटा-टोल्युएट, जे या प्लास्मिडशिवाय पचत नाही, आणि सोबत रिफॅम्पिसिन हे जिवाणूरोधक औषध. घेणारा वाण औषधाला दाद देत नाही, पण उपाशी राहतो. देणाऱ्याला अन्न आहे, औषध त्याला वाढू देत नाही. दोन्ही जमेल तोच वाढतो. शेजारी नुसत्या देणाऱ्याची आणि नुसत्या घेणाऱ्याची प्लेट हवीच. देणाऱ्यातच एखादा औषधाला न जुमानणारा निपजू शकतो. त्या प्लेटवर भरपूर कॉलन्या दिसल्या, तर त्या दिवशीची मोजणी टाकून द्यावी.

मग कॅटेकॉलचा फवारा. प्लास्मिडवरचं एक एन्झाइम कॅटेकॉलचं कडं फोडतं आणि पिवळा पदार्थ तयार होतो. पांढरी कॉलनी बघता बघता पिवळीधमक होते. कितीदाही पाहिलं तरी मला हे विलक्षण वाटतं.

मात्र मिळालेलं टिकतंच असं नाही. याच जिवाणूला बेन्झोएटवर वाढवलं की प्लास्मिड हरवलेल्या पेशी पुढे निघतात, कारण गुणसूत्रावरचा बेन्झोएट पचवण्याचा मार्ग अधिक वेगवान आहे. काही पिढ्यांत प्लेट पुन्हा पांढरी.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत असे अनेक प्लास्मिड एकाच सूडोमोनासमध्ये आणले. त्यावर १९७२ मध्ये पेटंट मागितलं आणि १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केलं. तेल खाणारा जिवाणू म्हणून तो गाजला, पण समुद्रावरच्या तेलगळतीवर तो कधी वापरला गेला नाही.

प्लास्मिड असा हरवू शकतो, म्हणून दूषित जमिनीसाठी कुणी जिवाणूंची बाटली पुढे केली, तर ते काय खातात एवढ्यावर थांबू नका. महिन्याभरानंतर त्या मातीत ती क्षमता असलेले किती उरतात, याची मोजणी मागा.